साक्रिस्तीतलं शिवणकाम

चर्चचं काम निघालं की एक वाक्य हटकून कानावर पडतं : "सेवाच आहे ना, चालेल." फुलदाणी एका अंगाला कललीय, चालेल. वाचन करणाऱ्याने उतारा आधी डोळ्याखालून घातलेला नाही, चालेल. वेदीवरच्या कापडाची कड एका बाजूने चार बोटं खाली आलीय, तेही चालेल. देव मन बघतो. देव मन बघतो हे मला मान्य आहे. पण म्हणून कापड वाकडं कापा, असं त्याने कुठे सांगितल्याचं माझ्या वाचनात नाही.

मी मूळची सावंतवाडीची, लग्न होऊन गोव्यात, बार्देशात आले. माहेरी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीतून ऐकत वाढले. इथे ती कोंकणीतून, आणि गाण्यांची पुस्तकं रोमी लिपीत. सुरुवातीला मी नुसते ओठ हलवत उभी राहायचे. क्वायरमध्ये गाणं जमणार नव्हतं, वाचनाला उभं राहणं तर दूरच. हातात होतं ते शिवणकाम. म्हापशाच्या बाजाराजवळ ब्लाउज, फ्रॉक, शाळेचे युनिफॉर्म शिवून देत होते. एका रविवारी मिस्सेनंतर आमच्या पाद्रींनी विचारलं, "बाई, थोडे प्युरिफिकेटर शिवून द्याल का? आहेत ते पुसतच नाहीत." तिथून हे सगळं सुरू झालं.

प्युरिफिकेटर म्हणजे चषक पुसायचं छोटं पांढरं कापड. लांबीत तीन पदरी घडी घालून ते चषकावर आडवं टाकतात. ख्रिस्तप्रसादानंतर पाद्री चषक पाण्याने विसळतात, ते पाणी पितात आणि या कापडाने चषक कोरडा करतात. म्हणजे कापडाचं काम एकच, ओल टिपणं. साक्रिस्तीच्या, म्हणजे चर्चमधल्या तयारीच्या खोलीच्या, कपाटात त्या वेळी जे होते ते पॉलिस्टर मिसळलेल्या चकचकीत कापडाचे, मधोमध सोनेरी धाग्याचा भला मोठा क्रूस. कोणीतरी भक्तीने दिलेले, दिसायला छान. ओल मात्र एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकवत नेणारे.

शेजारच्या कॉन्व्हेंटमध्ये एक वयस्कर सिस्टर होत्या. आयुष्यभर हेच काम केलेल्या. मी विचारायला गेले तर त्यांनी आधी माझ्या पिशवीतलं कापड काढून टेबलावर पसरलं आणि त्यावर बोटाने पाण्याचा थेंब सोडला. थेंब तसाच मण्यासारखा बसून राहिला. "नवीन आहे. खळ आहे अजून. आधी धुवून आण, मग शिवायचं बोलू." शिकवणीचा पहिला धडा एवढाच. पुढे कळलं की त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला हीच परीक्षा असते.

शुद्ध लिनन आणा म्हणाल्या. आपण चटणी करतो त्या जवसाच्याच जातीच्या झाडाच्या खोडातून हा धागा निघतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. म्हापशात 'लिनन' म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं लिननसारखं दिसणारं कापड. खरं लिनन शेवटी मुंबईच्या मंगळदास मार्केटातून नातेवाइकांकडून मागवलं. महाग पडतं, आणि पहिल्या धुण्यात चांगलंच आटतं. म्हणून कापायच्या आधी ते कोमट पाण्यात भिजवायचं, सावलीत वाळवायचं आणि किंचित दमट असतानाच इस्त्री करायची. हे न करता शिवलेली चौकोनी कापडं पहिल्या धुण्यानंतर चौकोनी राहत नाहीत.

मग कापणं. ब्लाउज कापताना मी खडूने रेघ मारते आणि कात्री चालवते. इथे खडू नाही. कापडाच्या काठाला लहानसा काप द्यायचा, एक धागा सुईच्या टोकाने उचलायचा आणि हळूहळू ओढून काढायचा. तुटला तर तुटला तिथून पुन्हा उचलायचा. धागा निघून जातो तिथे कापडात एक बारीक वाट उरते, तिच्यावरून कापायचं. अशी कापलेली कड विणीला धरून असते आणि कितीही वेळा धुतली तरी तिरकी होत नाही. पट्टी लावून मारलेली रेघ डोळ्यांना सरळ दिसते, पण विणीला सरळ असेलच असं नाही. धंद्यातली इतकी वर्षं गेल्यावर मला हे नव्याने शिकायला मिळालं, याचं मला फार अप्रूप वाटलं. आता चांगल्या सुती साडीचा फॉल लावतानाही मी आधी धाग्याची दिशा बघते.

कड दुमडायची ती अरुंद, दुहेरी, हाताने. कोपरे तिरके दुमडायचे म्हणजे चार पदरांचा जाड गठ्ठा होत नाही. सिस्टर कोपऱ्यावर अंगठा फिरवून बघायच्या. उंचवटा लागला की उसवायला लावायच्या. मशीनवर टीप मारली तर काय बिघडतं, असं मी विचारलं होतं. म्हणाल्या, बिघडत काही नाही, पण मशीनची टीप लिननला आवळते आणि इस्त्रीत कड लाटा घेते. कारण पटेल असं होतं, म्हणून ऐकलं. नुसतंच 'पूर्वीपासून असंच आहे' म्हणाल्या असत्या तर कदाचित मशीनवरच शिवलं असतं.

कॉर्पोरलची गोष्ट त्याहून बारीक. अर्पणाच्या वेळी वेदीच्या मधोमध जे चौकोनी कापड उलगडतात, ज्यावर ओस्तीची (ख्रिस्तप्रसादाच्या भाकरीची) थाळी आणि चषक ठेवतात, ते कॉर्पोरल. साधारण दीड फूट बाय दीड फूट. त्याची घडी तीन उभी आणि तीन आडवी, अशी नऊ चौकटींची, आणि प्रत्येक पट आतल्या बाजूला. मी लहानपणापासून ही घडी बघत आले होते, पण तशीच का, हे कधी विचारलं नव्हतं. ओस्ती मोडताना एखादा कण पडलाच तर तो या कापडावर पडावा, आणि घडी करताना आतच राहावा, म्हणून. त्या कणाला आम्ही भाकरीचा चुरा मानत नाही, ख्रिस्ताचं शरीर मानतो. एकदा हे डोक्यात शिरलं की कापडाचा प्रत्येक नियम आपोआप उलगडत जातो. मधोमध भरीव भरतकाम नको, कारण त्यावर चषक डगमगतो आणि टाक्यांच्या खाचांत कण अडकतो. क्रूस हवा तर लहानसा, सपाट टाक्यांचा, पुढच्या कडेजवळ. झालर नको. जाळीदार कापड तर मुळीच नको. खळ मात्र हवी, म्हणजे कापड ताठ राहतं आणि कण पृष्ठभागावरच राहतो, विणीत मुरत नाही. प्युरिफिकेटरला खळ चालत नाही, कॉर्पोरलला लागते. दोन्ही कापडं एकाच बादलीत टाकणाऱ्यांना हे समजावताना मला फार त्रास झालाय.

धुण्याचंही तसंच. पहिलं धुणं हातानेच, आणि ते पाणी गटारात नाही, साक्रिस्तीतल्या त्यासाठीच्या कुंडात किंवा स्वच्छ जागी जमिनीत. व्हॅटिकनच्या २००४ च्या सूचनांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. दुसरं धुणं मग नेहमीसारखं. आमच्याकडे ते पहिलं पाणी चर्चच्या मागच्या चाफ्याच्या मुळाशी घालतात. कपडे मऊ करायचं सुगंधी द्रव घालायला मी बंदी केलीय. त्याने कापडावर थर बसतो आणि मग पुन्हा तेच, ओल टिपत नाही.

हे सगळं पांढरं काम. ते दिसत नाही, पाचव्या बाकावरून तर अजिबातच नाही. लोकांना दिसतं ते चॅझुबल, म्हणजे पाद्री मिस्सेच्या वेळी आल्ब (पायघोळ पांढरा झगा) आणि स्टोल (गळ्यातला लांब पट्टा) यांच्यावरून घालतात तो रंगीत, बिनबाह्यांचा झगा. त्याचं काम माझ्याकडे आलं ते गावातला एक मुलगा रायतूरच्या, म्हणजे राशोलच्या सेमिनरीतून शिकून पाद्री व्हायला निघाला तेव्हा. दीक्षेनंतर गावच्या चर्चमध्ये त्याची पहिली मिस्सा, मीस नोव, व्हायची होती. त्याची आई माझी ब्लाउजची जुनी गिऱ्हाईक. येताना मोबाइलमध्ये फोटो घेऊन आली. पुढे द्राक्षांचा घड, गव्हाच्या ओंब्या, चषक, त्यातून निघणारे किरण, मागे आणखी एक चषक, आणि चहूकडून सोनेरी लेस. "असंच पाहिजे गो, लोकांनी बघत राहायला हवं."

मी लगेच नाही म्हटलं नाही. आईच्या हौसेला एकदम कात्री लावू नये. तिला म्हटलं, चल, आधी जुने गोवे बघून येऊ.

जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या कॉन्व्हेंटमध्ये ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. १९९४ मध्ये ते राशोलला सुरू झालं, २००२ मध्ये इथे आलं. चांदी, हस्तिदंत, लाकडी मूर्ती बघायला लोक येतात. मी आपली काचेला नाक लावून शिवणी बघत होते. जुन्या पद्धतीचं चॅझुबल आजच्यापेक्षा वेगळं असतं. पुढचा भाग व्हायोलिनच्या आकारासारखा मधे निमुळता, बाजू जवळजवळ नाहीतच. मुळात हा झगा सैल, सगळीकडून पडणाराच होता. पण शतकागणिक रेशीम जाड होत गेलं, जरतारीचं भरतकाम वजनदार होत गेलं, ते अंगावर घेऊन हात वर करता येईनात, म्हणून बाजू कापत कापत आणल्या. नक्षी जिंकली आणि झगा हरला, असं माझं शिंपिणीचं मत. दुसरी गोष्ट, जुन्या झग्यांचा सगळा थाट पाठीवर असतो. कारणही साधं आहे. १९६० च्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत पाद्री मिस्सेचा बराचसा भाग लोकांकडे पाठ करून, वेदीकडे तोंड करून म्हणत. लोकांना पाठच दिसायची. आता ते समोर तोंड करून उभे असतात आणि कमरेखालचा भाग वेदीआड जातो. म्हणजे आईच्या फोटोतला तो चषक आणि किरण नेमके वेदीमागे लपणार होते. हे तिला तिथेच उभं राहून दाखवलं, तेव्हा ती हसायला लागली. "मग द्राक्षं वर घे," म्हणाली.

द्राक्षं वर घेतली नाहीत. रोमन मिस्सलच्या, म्हणजे मिस्सेच्या अधिकृत पुस्तकाच्या, सर्वसाधारण सूचनांमध्ये ३४४ वा परिच्छेद आहे. या वस्त्रांचं सौंदर्य फार सजावटीतून नव्हे तर कापडातून आणि आकारातून यावं, असा त्याचा आशय. पाद्रींनी तो मला वाचून दाखवला होता. माझ्या मनात आलं, हे कोणीतरी शिवणाऱ्यानेच लिहिलेलं असणार.

कापड घेतलं हस्तिदंती रंगाचं कच्चं रेशीम. पांढरा रंग ख्रिस्तजन्म आणि पुनरुत्थानाच्या काळाचा, शिवाय बहुतेक फेस्तांना चालतो, त्यामुळे पहिलं चॅझुबल पांढरंच असावं. हिरवा सामान्य काळाचा, जांभळा नाताळआधीच्या आगमनकाळाचा आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा, लाल पवित्र आत्म्याच्या आणि हुतात्म्यांच्या सणांचा. रेशमाचा पन्हा चव्वेचाळीस इंची. झगा मनगटापासून मनगटापर्यंत पसरतो, तेवढा पन्हा कुठून येणार? म्हणून मधोमध सांधा घ्यावा लागतो, पुढेही आणि मागेही. त्या सांध्यावरून खाली उतरणारा उभा पट्टा लावला की सांधा झाकतो आणि झग्याला कणा मिळतो. सजावट म्हणून आम्ही ठेवली ती एवढीच. पट्ट्यावर गव्हाच्या ओंब्यांची एक वेल, मंद पिवळ्या आणि मातकट रेशमाने हाताने भरलेली. ते भरतकाम माझं नाही. माझ्या जाऊबाईंचा हात त्यात जास्त बसलेला आहे, म्हणून त्यांना दिलं. जे काम दुसऱ्याच्या हातात चांगलं आहे ते आपण ओढून घेऊ नये. चर्चच्या कामात तर हा हट्ट फार बघायला मिळतो.

कापायचं कसं, याचा विचार मी बरेच दिवस करत होते. ब्लाउज अंगावर बसतो, चॅझुबल अंगावरून पडतं. दोन्हींचं गणित वेगळं. इथे छातीचं माप लागत नाही. लागतो खांद्याचा उतार, मनगटांमधलं अंतर आणि उंची. खांद्याचा उतार चुकला की झगा मागे सरकतो आणि गळा पुढून आवळतो. खोलीतलं सामान बाहेर काढून जमिनीवर वर्तमानपत्रं चिकटवली आणि कागदावर पूर्ण आकार काढला. मग जुन्या चादरीचा एक कच्चा झगा शिवून बघितला. रेशमाला हात लावला तो त्यानंतरच.

त्या मुलाला फिटिंगला बोलावलं. तेव्हा तो डीकन, म्हणजे पाद्री होण्याच्या आधीच्या पायरीवर होता, दीक्षा व्हायची होती. "पुढच्या महिन्यात तुला फादर म्हणावं लागेल, आज 'अरे' म्हणून घेते," असं सांगितलं आणि चादरीचा झगा त्याच्या डोक्यातून घातला. सरळ उभा राहिला तर सुंदर दिसत होता. पण पाद्री मिस्सेत सरळ उभे कुठे असतात? "प्रभू तुमच्याबरोबर असो, कर." त्याने हात पसरले, बाजू वर उचलल्या, ठीक. "आता ओस्ती उंच धर." हात डोक्यावर गेले तशी पुढची कड वर ओढली गेली आणि सगळं कापड कोपरांवर गोळा झालं. बाजूचा घेर थोडा कमी करून ते सुटलं. "गुडघा टेक." उजवा गुडघा जमिनीला लागला आणि पुढची कड गुडघ्याखाली आली. उठताना पाय अडकला असता. दोन बोटं वर घेतली. मग जेवणाच्या टेबलावर पाण्याने भरलेला ग्लास ठेवला, त्याच्या पलीकडे एक पुस्तक. "ग्लासला धक्का न लावता पुस्तकाचं पान उलट." हे तीन-चारदा करून घेतलं. तो वैतागला असावा, पण आईसमोर काही बोलला नाही. चषकाला बाही किंवा कड लागून तो कलंडणं म्हणजे काय, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

आणखी एक गोष्ट जुन्या झग्यांना कधी सोसावी लागली नव्हती. गळ्याजवळ लावायचा माइक. जरीची किंवा खडबडीत भरतकामाची कड त्यावर घासली की स्पीकरमधून सतत खरखर येते, आणि प्रवचनभर लोक छताकडे बघत बसतात. म्हणून गळ्यापाशी सपाट, मऊ पट्टी ठेवली आणि माइकच्या क्लिपसाठी आतून पक्का केलेला दोन बोटांचा भाग. आल्बच्या कडेला बॅटरीच्या डबीसाठी फट. मागच्या शतकातल्या कुठल्याही शिंप्याने मला यासाठी हसावं, हरकत नाही.

उकाड्याचा विचारही तितकाच. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये आत शर्ट, वर आल्ब, कमरेला दोरी, स्टोल आणि त्यावर हे. वेदीपाशी पंखा लावला तर मेणबत्त्या विझतात. पॉलिस्टरचं अस्तर स्वस्त पडतं आणि घसरतं छान, पण माणूस आतून उकडून निघतो. मी पातळ सुती अस्तर लावलं. गळ्याच्या आत घामाची पट्टी लावली ती टाचून, म्हणजे काढून धुता येते. चॅझुबल वारंवार धुता येत नाही, गळा मात्र दर आठवड्याला मळतो.

शिवून झाल्यावर लगेच कड दुमडायची नाही, हे महत्त्वाचं. बाजूंना कापड उरेप, म्हणजे विणीला तिरकं येतं आणि उरेप कापड स्वतःच्या वजनाने लोंबतं. झगा रुंद खांद्याच्या लाकडी हँगरवर टांगून ठेवला, खाली जुनी साडी अंथरली आणि घरातल्यांना त्या खोलीत यायला मनाई केली. काही दिवसांनी बघितलं तर दोन्ही बाजू मधल्या भागापेक्षा बोटभर खाली उतरलेल्या. तेव्हा मुलाला पुन्हा बोलावलं, जमिनीवर काठी उभी धरली, सगळीकडून सारख्या उंचीवर खडूची खूण केली, आणि मगच कड घातली. घाईत दिलेली चॅझुबलं बघा. पहिल्या वर्षातच दोन्ही कडांना झोल येतो.

त्याच्या आईसाठी एक लहान कापडही शिवलं. दीक्षेत नव्या पाद्रीच्या तळहातांना पवित्र तेल लावतात. ते तेल ज्या कापडाने टिपतात ते आईला द्यायची प्रथा काही ठिकाणी आहे. साधं लिनन, हाताची कड. यातही तिने द्राक्षं मागितली नाहीत, एवढं नमूद करते.

आता पैशाचं. हा विषय निघाला की आवाज खाली येतात. चॅझुबलची मजुरी मी घेतली. भरतकामाची जाऊबाईंनी घेतली. चर्चच्या पांढऱ्या कापडांची मी घेत नाही, कापडाचा खर्च फाब्रिका, म्हणजे चर्चचा कारभार बघणारी समिती देते. यावर एका बाईंनी मला फाटकापाशी विचारलं, "देवाच्या कामाचे पैसे घेता?" मी म्हटलं, घंटा दुरुस्त करणाऱ्याला देतो, विजेच्या माणसाला देतो, मग शिंपिणीला का नाही? फुकट काम करणारा माणूस वेळ मिळेल तेव्हा करतो आणि चुकलं तर त्याला बोलता येत नाही. मला बोलता येतं. मी पावती देते, आणि शिवण उसवली तर दुरुस्त करून देणं मला बंधनकारक आहे. याला सेवा म्हणायचं नसेल तर नका म्हणू.

बायबलमध्ये निवासमंडप बांधायची गोष्ट आहे, निर्गमाच्या पुस्तकात. तिथे देवाने बसालेल नावाच्या कारागिराला आपल्या आत्म्याने भरलं, आणि कशासाठी? सोनं, रुपं, पितळ घडवण्यासाठी, रत्नं कोंदणात बसवण्यासाठी, लाकूड कोरण्यासाठी. पस्तिसाव्या अध्यायात हाताने सूत काततात त्या कुशल स्त्रियाही येतात. पण मला सगळ्यात आवडतो तो पुढच्या अध्यायातला प्रसंग. लोक रोज सकाळी भेटी आणतच राहतात, आणि शेवटी कारागीरच मोशेकडे जाऊन सांगतात की गरजेपेक्षा जास्त झालं. मग छावणीभर दवंडी पिटावी लागते, आता कोणी काही आणू नका. आमच्या साक्रिस्तीचं कपाट उघडलं की मला त्या कारागिरांची आठवण येते. नवस फेडायला आणलेलं सॅटिन, परदेशातून आलेले चमकीचे पडदे, टिकल्या लावलेली वेदीची कापडं. देणाऱ्याचं मन मोठं, पण नाही म्हणायला कोणी धजत नाही, आणि कपाटात हवेला जागा उरत नाही.

हवा तर इथे फार लागते. पावसाळ्यात गोव्यात बंद कपाटातल्या कापडाला बुरशी धरायला वेळ लागत नाही, आणि समुद्राच्या हवेने जरतार काळी पडते. जुन्या चर्चच्या साक्रिस्तीत रुंद, उथळ खणांची मोठी लाकडी कपाटं असतात, बघितली असतील. त्यात झगे घडी न घालता आडवे पसरून ठेवायचे. ज्या सुतारांनी ती केली त्यांना खणाची रुंदी कशासाठी हवी आहे ते पक्कं ठाऊक होतं. अलीकडे त्या खणांत मेणबत्त्यांचे खोके, नाताळच्या गोठ्याचं सामान आणि जुनी पत्रकं असतात, आणि झगे बारीक तारेच्या हँगरवर खांदे पाडून लटकत असतात. मी आमच्याकडचे दोन खण रिकामे करून घेतले. त्यासाठी साक्रिस्तांवशी, म्हणजे साक्रिस्ती सांभाळणाऱ्यांशी, थोडी जुंपली. ते या कामात माझ्यापेक्षा कितीतरी जुने, आणि मी बाहेरून आलेली. पण एकदा त्यांनी स्वतः एका झग्याचा फाटलेला खांदा बघितला आणि दुसऱ्या दिवशी खोके हलवले. झग्यांच्या मधे धुतलेलं जुनं मलमल घालतो. प्लास्टिकच्या पिशव्या काढून टाकल्या. ऊन पडलं की सावलीत वारा देतो. मेणाचा डाग पडला तर नखाने खरवडायचं नाही. बर्फाने कडक करून वरचा थर उचलायचा, मग दोन्ही बाजूंनी टिपकागद ठेवून कोमट इस्त्री. द्राक्षारसाच्या डागाला लगेच गार पाणी, ब्लीच कधीच नाही. हे सगळं मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला आतून लावलं आहे, कोंकणीत आणि मराठीत. खालून कोणीतरी पेन्सिलीने 'सुगंधी द्रव नको' असं दोनदा अधोरेखित केलंय. ते मी नाही.

सध्या शनिवारी दुपारी काही बायका आणि क्वायरमधला एक मुलगा माझ्याकडे येतात. मुलाचा धागा ओढण्यात हात सगळ्यांपेक्षा हलका आहे. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना पाण्याचा थेंब दाखवते.

आता वाद चाललाय तो गुलाबी रंगाचा. गुलाबी वस्त्र वर्षात दोनच रविवारी घालता येतं, आगमनकाळातला तिसरा आणि उपवासकाळातला चौथा. त्या दिवशी जांभळंही चालतं, त्यामुळे सक्ती नाही. पाद्रींना हवंय. फाब्रिकेचे खजिनदार म्हणतात, वर्षाला दोन दिवसांसाठी एवढा खर्च कशाला, एखादं तयार स्वस्तातलं मागवू. मी दोघांना सांगितलंय, करायचं तर नीट कापडाचं करा, नाहीतर जांभळ्यावर भागवा. आमच्याकडचं जांभळं चांगलं आहे, अजून पुष्कळ वर्षं टिकेल. गुलाबीही फार भडक नको, थोडा मातकट हवा, नाहीतर वेदीवरच्या दिव्यात डोळ्यांना टोचतो. तीन कापडांचे तुकडे अंदाजपत्रकाला टाचून दिलेत. बैठक पुढच्या आठवड्यात आहे.